एकाच पाइपातल्या तारा

"दादा, इंटरनेटच्या डब्यावरचा दिवा लालच आहे. तुम्ही म्हणालात म्हणून बंद करून परत चालू केला, तरी लालच. आणि शेजारी दुसऱ्या कंपनीचा डबा आहे, त्याचाही लालच आहे."

"मॅडम, दुसऱ्या कंपनीचं आम्हाला काही सांगता येणार नाही. आमच्याकडे तुमच्या भागात बिघाड दिसत नाहीये. तुमच्या आतली वायर एकदा बघून घ्या."

"आतली वायर मीच टाकलेली आहे. आणि आत्ताच बघितलीय."

"तरी एकदा बघून घ्या, मॅडम."

हॉस्पिटलचे इंटरनेट सांभाळणाऱ्या नेटताईने फोन कानापासून दूर धरून एक श्वास सोडला. हॉस्पिटलच्या जिन्यातल्या या एकाच खिडकीत फोन जेमतेम लागत होता, तोही तुटक. आधी तिने लाल कंपनीला फोन केला होता. त्यांनी सांगितले की निळ्या कंपनीचे खोदकाम चालू असेल, त्यांनीच आमची तार ओढली असेल. आता निळी कंपनी सांगत होती की आतली वायर बघा. कंपन्यांना नावे होती, पण हॉस्पिटलात त्या त्यांच्या माणसांच्या गणवेशाच्या रंगानेच ओळखल्या जात. एक बुडाली तर दुसरीने तारावे म्हणून दोन घेतल्या होत्या. दोघीही बुडाल्या तर असावा म्हणून सिमकार्डाचा एक तिसरा डबाही कपाटावर ठेवलेला होता. आज तिन्ही एकदम गेले होते.

तिसरा का गेला हे तिला कळत होते. समोरच्या गच्चीवरचा टॉवर दिसायला आकाशात असला तरी त्याचे पोट जमिनीखालच्या तारेवरच भरते. तो टॉवर उपाशी आहे, म्हणजे तारच कुठेतरी तुटली आहे. आणि दोन्ही कंपन्यांची एकदम तुटली आहे, म्हणजे जिथे दोघी एकत्र आहेत तिथेच तुटली आहे.

जिन्यावरून तातडीच्या विभागातली तरुण डॉक्टर धावत खाली आली. "नेटताई, किती वेळ लागेल?"

"कुठे तुटलंय तेच शोधतेय. काय झालं?"

"अर्धांगाची पेशंट आलीय. बस कंडक्टर आहे, चालत्या गाडीत उजवी बाजू गेली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे आपल्याकडे, पण शहरातले मोठे डॉक्टर तिकडून व्हिडिओवर पेशंटला बघितल्याशिवाय हो म्हणत नाहीत. नको त्या माणसाला दिलं तर डोक्यात रक्तस्राव होतो. आपला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर स्कॅनचे फोटो काढून नाक्यापलीकडे जाऊन पाठवून आला, पण त्यांना फोटोत स्पष्ट दिसत नाहीये."

"आणि तिकडे न्यायचं म्हटलं तर?"

"वाटेतच वेळ निघून जाईल." डॉक्टरने कपाळावरचा घाम बाहीने पुसला. "जितकं उशिरा, तितका मेंदूचा भाग मरत जातो. तुम्हाला घाई करत नाहीये मी."

"करा की," नेटताई म्हणाली. "घाईचंच काम आहे."

तातडीच्या विभागाच्या दारात एक बाई बाकावर बसली होती. पेशंटची बहीण. कंडक्टरची चामडी पिशवी तिने मांडीवर दोन्ही हातांनी अशी धरली होती की जणू कुणी हिसकावून नेणार आहे. नेटताई तिच्यासमोरून गेली तेव्हा तिने विचारले, "तुम्ही डॉक्टर का हो?"

"नाही. मी वायरचं बघते."

"मग आमच्या ताईचं कोण बघतंय?"

"बघताहेत," एवढेच म्हणून नेटताई स्कूटरकडे गेली.

निळ्या कंपनीचा इंजिनियर ओळखीचा होता. चौकाच्या पलीकडे गेल्यावर त्याचा फोन लागला. त्याने त्याच्या टोकाकडून तारेत प्रकाश सोडून मोजले होते. प्रकाश कुठवर जाऊन परत फिरतो त्यावरून तुटलेली जागा कळते. "फर्निचरच्या दुकानासमोर दाखवतंय, ताई. पण माझी दोन्ही माणसं नदीपलीकडच्या कामावर आहेत. संध्याकाळशिवाय येणं व्हायचं नाही."

ती फर्निचरच्या दुकानासमोर जाऊन आली. फुटपाथ जसाच्या तसा होता. चेंबरचे झाकण उचलून पाहिले, तर आत कोरडे आणि तारा धडधाकट. मापाचा हिशोब चुकला नव्हता, पण तारेची लांबी आणि रस्त्याची लांबी सारखी नसते हे तिला ठाऊक होते. तार टाकणारा वाटेतल्या चेंबरांत जादा तारेची वेटोळी करून ठेवतो, पुढेमागे जोड द्यावा लागला तर हाताशी असावी म्हणून. प्रकाश त्या वेटोळ्यातूनही गोल गोल फिरून जातो. कुठल्या चेंबरात किती वेटोळे आहे हे माहीत असल्याशिवाय मापाला अर्थ नाही. आणि या रस्त्याखाली कुठे किती तार गुंडाळून ठेवली आहे हे माहीत असलेला माणूस गावात एकच होता. तो तिच्या घरी खिडकीपाशी खुर्चीत बसलेला होता.

*

लाइनीच्या धंद्यात त्याला सगळे उस्ताद म्हणत. लग्न करून ती आली तेव्हा तो टेलिफोनच्या जाड तांब्याच्या तारा जोडत असे. मग काचेच्या तारा आल्या. केसाएवढी काच, तीत कणभर फट राहिली तरी सगळे ठप्प. बाकीचे जोडारी कुरकुरले, हा मात्र त्या तारेच्या प्रेमात पडला. ती डबा घेऊन खड्ड्याशी जायची. धूळ येऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर ताडपत्री धरता धरता ती काम बघायला लागली, मग हत्यार हातात द्यायला लागली, आणि एक दिवस तो म्हणाला, "आज तू जोड. मी ताडपत्री धरतो." तिचा पहिला जोड मशीनने नापास केला. दुसराही. तो हसला नाही की चिडला नाही. "श्वास सोड, मग काप," एवढेच म्हणाला. "श्वास धरलास की हात धरला जातो."

लेक झाली, वाढली, लग्न होऊन लांब गेली. दोघे मात्र गावभर खड्ड्यांच्या काठी बसून राहिली. कुठल्या रस्त्याखाली काय आहे हे त्याला तळहातासारखे पाठ होते. चालता चालता तो मध्येच थांबायचा आणि पायाने जमिनीवर ठोकून म्हणायचा, "इथे आपली लेक रांगत होती बघ, त्या वेळचा जोड आहे."

मग त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलू लागला. आधी त्याने ते थंडीवर घातले, नंतर वयावर, नंतर चहावर. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितले तेव्हा तो म्हणाला, "कुठल्या हाताला?" जणू दुसऱ्या हाताने भागवता येणार होते. चेहराही हळूहळू थिजत गेला. हसला तरी डोळ्यांतच कळायचे. तेव्हापासून तिने हॉस्पिटलची नोकरी धरली होती.

*

"दोघींची एकदम गेली?" त्याने विचारले. आवाज आता इतका हळू झाला होता की तिला खुर्चीपाशी वाकावे लागले.

"एकदम. निळीचं माप फर्निचरवाल्यापुढे दाखवतंय, पण तिथे काही नाही."

"नसणारच. त्याच्या आधी दोन मोठी वेटोळी आहेत माझी." त्याने मान मागे टेकवली. डोळे मिटले होते, पण ओठ हलत होते. तो मनातल्या मनात रस्त्याने चालत होता. "शाळेचं फाटक."

"तिथे चेंबर कुठाय?"

"आहे. वरून फरशी घातली असेल. लाल कंपनी मागाहून आली ना, तेव्हा ठेकेदाराला म्हटलं होतं मी, एकाच दोराला दोन बादल्या बांधू नका. दोर तुटला तर दोन्ही विहिरीत. तर म्हणतो, पाइपात जागा आहे, टाक. टाकली." त्याने खुर्चीचे हात धरले. "चल."

"तुम्ही नुसती जागा सांगा. मी जाते."

"तुला सापडायची नाही. फाटक रुंद केलंय त्यांनी, खुणा गेल्या सगळ्या. मशीन घे."

तार जोडायचे मशीन कपाटावर होते, जुन्या चादरीत गुंडाळलेले. ते तिने काढले. त्याने गोळी घेऊन बराच वेळ झाला होता आणि पुढच्या गोळीला अवकाश होता. हे तिच्या लक्षात आले होते, त्याच्याही आले असणार. तिने त्याच्या पायात चपला घातल्या आणि त्याला स्कूटरवर मागे बसवले. वाटेत त्याचा हात तिच्या कमरेशी थरथरत होता. इंजिनाची थरथर आणि त्याची थरथर तिला वेगवेगळी ओळखू येत होती.

"पेशंट कोण आहे?" त्याने मागून विचारले.

"कंडक्टरबाई आहे. अर्धांग झालंय. मोठ्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाहीये."

"मग जोरात चालव."

शाळेच्या फाटकाशी एक गवंडी नवा खांब रोवून त्याच्याभोवती सिमेंट थापत होता. उस्ताद उतरला. पावले फुटेनात म्हणून क्षणभर जागीच उभा राहिला, मग लहान लहान पावले टाकत फाटकापासून झाडापर्यंत गेला, परत फिरला, आणि काठीने फरशीवर ठोकू लागला. ठक, ठक, ठक. एका जागी आवाज पोकळ आला.

"ही काढा."

गवंड्याने पहार लावून फरशी उचलली. खाली गंजलेले झाकण होते. ते सरकवल्यावर नेटताई आत उतरली आणि तिने पाइप चाचपला. चेंबरापासून हातभर अंतरावर पाइपाचा चेंदा झाला होता, बरोबर नव्या खांबाच्या पायाखाली. दोन्ही कंपन्यांच्या तारा कापून निघाल्या होत्या.

"बाई, मला काय ठाऊक खाली काय आहे?" गवंडी घाबरून म्हणाला. "पहार अडली, मला वाटलं दगड असेल. म्हणून दोन जास्तीच्या घातल्या."

"तुझा काय दोष?" उस्ताद म्हणाला. "वर फरशी घालणाऱ्याला विचार."

एक तार जुळली तरी हॉस्पिटल जागे होणार होते. निळीची तार बरी होती. चेंबरातले वेटोळे सोडले की जोडापुरती लांबी मिळत होती, पण फार नाही. दोनतीनदा चुकायला पुरेल, त्याहून जास्त नाही. नेटताईने कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. शाळेपाशी आवाज चांगला येत होता.

"माझ्याकडे मशीन आहे. तुमची तार मी जोडू का? हॉस्पिटलात पेशंट अडलाय."

"जोडा की, ताई. तुम्हाला जागा सापडली कशी?"

"उस्ताद आलेत बरोबर."

"उस्ताद आहेत तिथे?" फोनवरचा आवाज एकदम उंचावला, बाजूच्या सगळ्यांना ऐकू आला. "मग मला काय विचारता? त्यांचा हात लागला म्हणजे झालंच."

त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हते. पण उस्तादाने ते ऐकले. तिने फोन बंद करून मागे पाहिले तोवर तो खड्ड्याच्या काठावर बसला होता, मशीन मांडीपुढे उघडले होते आणि तारेवरचे कवच सोलायचे हत्यार त्याच्या हातात होते.

"अहो..."

"तार दे इकडे."

तिने दिली.

नंतर कित्येक दिवस ती स्वतःला हेच विचारत राहिली, की का दिली? भोवती गवंडी होता, शाळेचा पहारेकरी होता, फाटकाशी चारदोन माणसे थांबली होती. आत्ताच त्याचे कौतुक सगळ्यांनी ऐकले होते. आणि त्याच्या थिजलेल्या चेहऱ्यावर, फार दिवसांनी, डोळे जिवंत दिसत होते. तिला नाही म्हणवले नाही.

त्याने दोन्ही कोपरे मांड्यांवर टेकवून हात स्थिर करायचा प्रयत्न केला. कवच सोलले गेले. काच उघडी झाली, उन्हात चमकली, आणि त्याच क्षणी हात उडाला. टिचल्याचा बारीकसा आवाज आला. तुकडा मातीत कुठे पडला तेही दिसले नाही.

"वारा आहे," गवंडी म्हणाला. वारा नव्हता.

"पुन्हा," उस्ताद म्हणाला.

तिचा फोन वाजला. डॉक्टर नाक्यापलीकडे जाऊन बोलत होती. "नेटताई, होतंय का?"

"होतंय. झालंच."

तिने दुसरे टोक मोकळे करून त्याच्या हातात दिले. या वेळी तिने त्याच्या मनगटाखाली आपला तळहात ठेवला, कुणाला दिसू नये असा. त्याने सोलले. पुसले. कापलेही, आणि सरळ कापले. इतक्या वर्षांची सवय होती. आता फक्त ते टोक मशीनच्या खाचेत ठेवायचे राहिले होते. बोट खाचेवर आले, मागे गेले, पुन्हा आले. एकदा, दोनदा, पुन्हा. सगळे श्वास रोखून बघत होते. पहारेकऱ्याने मान दुसरीकडे वळवली. वेळ जात होता. नेटताईच्या डोळ्यांपुढे ती बाकावरची बहीण आली, मांडीवर पिशवी घेतलेली. तरीही ती थांबली. आता बसेल, आता बसेल असे म्हणत थांबली. टोक खाचेच्या कडेला आपटले आणि मोडले.

त्याने पुन्हा तारेकडे हात नेला.

"अहो," ती म्हणाली, "द्या इकडे."

त्याने ऐकले नसावे असे केले.

"द्या इकडे. पेशंट आहे."

त्याने तिच्याकडे पाहिले. त्याला द्यायचे होते, हे तिला दिसले. पण बोटे हत्यारावर आवळून बसली होती आणि सुटत नव्हती. हा त्या आजाराचाच भाग होता. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांदेखत एकेक बोट उलगडले. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचे, मग मधले. अंगठा सर्वांत शेवटी सुटला. हत्यार तिच्या हातात आले तेव्हा ते गरम होते.

तिने श्वास सोडला आणि काम केले. सोलले, पुसले, कापले, खाचेत ठेवले. मशीनमध्ये ठिणगी चमकली. जोड पहिल्या खेपेला पास झाला. तिकडून डॉक्टरचा फोन आला तेव्हा मागे गलका ऐकू येत होता. "आलं! नेटताई, आलं! मोठे डॉक्टर दिसताहेत!"

गवंड्याने टाळी वाजवली आणि कुणीच साथ दिली नाही म्हणून हात खाली घेतले. उस्ताद काठावर बसलेलाच होता. मोकळा झालेला हात मांडीवर एकटाच हलत होता.

"चांगला झालाय जोड," तो म्हणाला.

*

इंजेक्शन दिले गेले. संध्याकाळी घरी निघताना ती तातडीच्या विभागात गेली. कंडक्टरबाई शुद्धीवर होती. पाय हलत होता, बोलणे थोडे बोबडे पण कळण्यासारखे होते. उजवा हात चादरीवर ठेवला होता तसाच पडून होता.

"येईल का?" नेटताईने बाहेर येऊन विचारले.

"बघू. व्यायामाने थोडाफार येतो कधी कधी," डॉक्टर म्हणाली. तिचे डोळे थकव्याने लाल झाले होते. "पाय वाचला, वाचा वाचली. तुमच्यामुळेच."

"थोडं आधी झालं असतं तर हात..."

"असं सांगता येत नाही हो. कदाचित काही फरक पडला नसता."

"आणि कदाचित?"

डॉक्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाकावरची बहीण उठून पुढे आली. तिने नेटताईचे दोन्ही हात हातात घेतले. "सकाळी मी तुम्हाला तोडून बोलले. तुम्हीच लाइन जोडलीत म्हणे. देव तुमचं भलं करो." नेटताईला तिथे उभे राहवेना.

घरी तो अंधार पडू लागला तरी दिवा न लावता बसला होता. तिने दिवा लावला, त्याला गोळी दिली, जेवण वाढले. त्याने चमचा हातात घेतला आणि ताटात ठेवून दिला.

"ती बाई कशी आहे?"

"बरी आहे."

"पूर्ण बरी?"

ती पाणी ओतत राहिली. भांडे भरले, वरून वाहिले.

"कुठली बाजू गेलीय?" त्याने विचारले.

"पाय हलतोय. बोलते नीट."

"हात?"

तिने मान हलवली. शेजारच्या घरात कुणीतरी बातम्या लावल्या होत्या, भिंतीतून नुसता सूर येत होता.

"पहिल्यांदा मी मागितलं," तो म्हणाला. "ती माझी चूक. पण दुसऱ्यांदा का करू दिलंस? पहिलं मोडलं तेव्हाच माझा हात धरायला हवा होतास तू."

"धरवला नाही हो."

"मला राग आला असता. आला असता तर आला असता. किती दिवस टिकला असता?"

"तुमचे डोळे..." तिने सांडलेले पाणी पुसले. "फार दिवसांनी तुम्ही तसे दिसलात."

त्याचा चेहरा हलला नाही. तो हलत नसेच. पण डोळ्यांतून पाणी आले आणि गालावरून खाली गेले. ते पुसायला त्याने हात उचलला. हात वाटेतच इतका थरथरला की नेमका गालापाशी जाईना. ती उठली नाही. आता पुसायला गेले तर त्याला आवडेल की लागेल, हे तिला, इतक्या वर्षांच्या संसारानंतरही, ठरवता येईना.

*

हॉस्पिटलने दोन्ही कंपन्यांना कळवले की एकीची तार दुसऱ्या रस्त्याने आणा. लाल कंपनीने मागच्या गल्लीतून नवीन पाइप टाकला. सगळे काम नेटताईने डोळ्यांत तेल घालून करून घेतले. कुणी तिला कधी दोष दिला नाही. उलट हॉस्पिटलच्या सभेत तिचा सत्कार करायचे निघाले, तेव्हा तिने तब्येतीचे कारण सांगून दांडी मारली.

उस्ताद आठवड्यातून काही वेळा हॉस्पिटलात व्यायामाला येत असे. हाताची बोटे मिटणे, उघडणे, पावले मोजून टाकणे. त्याची वेळ सकाळची होती. एके दिवशी तो म्हणाला की मी आता दुपारचा जाणार. का म्हणून विचारले तर म्हणाला, "सकाळी गर्दी असते."

काही दिवसांनी व्यायामाच्या खोलीतला फोन चालेना म्हणून तिला बोलावणे आले. दुपारची वेळ होती. ती दाराशी पोचली आणि तिथेच थांबली.

लांब टेबलाच्या एका बाजूला उस्ताद बसला होता आणि समोर कंडक्टरबाई. दोघांच्या मध्ये एक पिवळा रबरी चेंडू होता. व्यायाम करवणारी ताई बाजूला उभी होती. तिने नेटताईला पाहिले आणि हळूच जवळ आली. "उस्तादांनीच ही वेळ मागून घेतली. म्हणाले, त्या बाईंच्या समोर बसवा मला."

"त्यांना काही बोलले का? त्या बाईंना?"

"कशाबद्दल?"

"काही नाही," नेटताई म्हणाली.

उस्तादाने चेंडू ढकलला. तो सरळ न जाता टेबलावरून तिरका गेला. कंडक्टरबाईने उजवा खांदा पुढे रेटला, हात ओढत आणला, पण तोवर चेंडू पुढे गेला होता. तिने डाव्या हाताने तो अडवला आणि खळखळून हसली. "ओ उस्ताद, सरळ टाका की! सगळ्या गाड्या बाहेरच्या रस्त्याने काय नेता?"

"हात ऐकत नाही," उस्ताद म्हणाला.

"हलतो तरी!" ती म्हणाली. "माझा मेला झोपूनच आहे. रोज सकाळी उठवते त्याला, अरे ऊठ, डेपोत पोचायचंय. ढिम्म."

उस्ताद मान खाली घालून टेबलाकडे बघत होता.

"डेपोत घेतील ना तुम्हाला परत?" त्याने विचारले.

"चौकशीच्या खिडकीत बसवतो म्हणालेत. खिडकीत काय हो, माणसं येतात, विचारतात, जातात. गाडीची गोष्ट वेगळी." तिने चेंडू डाव्या हाताने उचलून आपल्या उजव्या हातापुढे ठेवला. "असू दे. टाकू का आता मी?"

तिने डोळे मिटले, ओठ आवळले. मानेची शीर ताणली गेली. बराच वेळ काहीच झाले नाही. मग हाताच्या कडेने चेंडूला जरासा धक्का लागला. बोटांनी नाही, नुसत्या वजनाने. चेंडू हळूहळू घरंगळत निघाला. उस्तादाने तो धरायला दोन्ही हात पुढे केले. चेंडू त्याच्या थरथरत्या बोटांना लागून उडाला, टेबलावरून खाली पडला आणि भिंतीकडे गेला.

व्यायामवाली ताई पुढे झाली. उस्तादाने हात वर करून तिला थांबवले. तो टेबलाला धरून उठला. पावले फुटेपर्यंत उभा राहिला. भिंतीपाशी जाऊन, एक हात भिंतीला लावून, तो इंच इंच वाकू लागला. बोटे चेंडूला लागली की चेंडू पुढे सरके. नेटताईने दाराची चौकट धरली. ती आत गेली नाही.

"सावकाश," कंडक्टरबाई खुर्चीत मागे रेलत म्हणाली. "गाडी उभी आहे."

तो वाकलेलाच होता. पुन्हा त्याने हात पुढे नेला.